काटा खोटा की तार खोटी?

व्यापारात काट्याला मोठा मान आहे. दर्यापूरच्या बाजारात कापूस, तूर किंवा हरभरा घेऊन आलेला शेतकरी भाव विचारतो खरा, पण त्याची नजर खिळलेली असते ती काट्यावर. भावात चार पैसे कमी मिळाले तर तो विसरून जातो. काटा खोटा निघाला तर मात्र तो पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. ही गोष्ट आपल्या व्यापारी बंधूंना सांगण्याची गरज नाही.

आज आम्हाला दुसऱ्या एका काट्याविषयी लिहायचे आहे. तो गाडीच्या मीटरमध्ये असतो. डिझेल-पेट्रोल किती उरले, इंजिन किती तापले, बॅटरी चार्ज होते की नाही, हे तो सांगतो. त्याच्या शेजारी पिवळ्या रंगाचा इंजिनाच्या आकाराचा एक दिवाही असतो. हा दिवा लागला किंवा काटा भलतेच दाखवू लागला की गाडीमालक गॅरेजकडे धावतो आणि तेथे त्याचा विश्वास दुसऱ्या एका काट्यावर तोलला जातो. गॅरेज, वायरिंग, रेडिएटर, बॅटरी आणि डेंटिंग-पेंटिंग या कामांत आपल्या समाजाचे हात फार मोठ्या संख्येने गुंतलेले आहेत. म्हणून हा विषय केवळ यंत्राचा नाही, तो आपल्या रोजीचा आणि इभ्रतीचा आहे.

एका गाडीची गोष्ट

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. कापडाचा फिरता धंदा करणाऱ्या एका गृहस्थांची जुनी पेट्रोल गाडी होती. तिला नंतर गॅस किट बसवलेले, हेडलाइटचे बल्ब जास्त वॅटचे टाकलेले आणि मागे मोठा ॲम्प्लिफायर लावलेला. रात्री दिवे लावले की तापमानाचा काटा आणि पेट्रोलचा काटा दोन्ही जागचे हलत. मधूनमधून इंजिनचा दिवाही लागे. पहिल्या गॅरेजने तापमानाचा सेन्सर बदलला. दुसऱ्याने मीटरच बदलायला लावले. तिसऱ्याने स्कॅनर लावून कोड काढला आणि सायलेन्सरवरचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ-नऊ हजार रुपये गेले, दुखणे तसेच राहिले.

शेवटी वायरिंगचे काम करणाऱ्या एका वयस्कर उस्तादांनी एकच प्रश्न विचारला, "दोन्ही काटे एकाच वेळी हलतात ना?" हो म्हटल्यावर ते म्हणाले, "मग दोन सेन्सर एकाच रात्री कसे मरतील? दोघांचा बाप एकच आहे, तो शोधू." तो बाप म्हणजे बॉडीचे अर्थिंग. ॲम्प्लिफायर बसवणाऱ्याने त्याची तार त्याच बोल्टखाली, रंगाच्या थरावर दाबून दिली होती. बोल्ट खोलला, पॉलिश पेपरने जागा घासली, ॲम्प्लिफायरची तार वेगळी केली आणि गाडी बरी झाली.

पहिल्या तिघांपैकी कोणी लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. तिघांनीही अंदाज केला. पण अंदाज त्यांचा होता आणि पैसे ग्राहकाचे होते. आमचा आक्षेप नेमका याच गोष्टीला आहे.

कोड ही साक्ष आहे, निकाल नव्हे

हे कोड आले कोठून, ते थोडक्यात पाहू. गाडीच्या धुरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा गाडीतच असावी, हा नियम प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने केला. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकाच धर्तीची सोळा पिनांची जोडणी आणि एकाच पद्धतीचे कोड बंधनकारक झाले. आपल्या देशात ही व्यवस्था भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर टप्प्याटप्प्याने आली. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा देशभर लागू झाले. म्हणजे आज खेड्यातल्या रस्त्यावर धावणाऱ्या नव्या गाडीच्या पोटातही संगणक आहे. मिस्त्री लोक त्याला ईसीएम म्हणतात.

या कोडची घडण समजायला सोपी आहे. सुरुवातीला एक अक्षर असते. 'पी' म्हणजे इंजिन-गिअर, 'बी' म्हणजे बॉडी, 'सी' म्हणजे चेसिस आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या संगणकांचा आपापसातील संपर्क. त्यापुढे शून्य असेल तर तो कोड सर्व कंपन्यांना समान असतो. एक असेल तर बहुधा कंपनीचा स्वतःचा असतो. त्यानंतरचा आकडा एक किंवा दोन असेल तर इंधन आणि हवा, तीन असेल तर स्पार्क, चार असेल तर धुराची यंत्रणा. उदाहरणार्थ, पी ०१७१ म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे, पी ०३०० म्हणजे इंजिन मिसिंग करते आहे.

आता बारकाईने पाहावे. पी ०१७१ हा कोड 'ऑक्सिजन सेन्सर बदला' असे कोठेही म्हणत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की सेन्सरला हवा जास्त दिसली. ती इनटेकच्या फुटलेल्या पाइपातून आली, पेट्रोल पंपाचा दाब कमी पडला, इंजेक्टर चोंदला की सेन्सरच खोटे बोलतो, हे शोधण्याचे काम माणसाचे आहे. कोड हा साक्षीदार आहे. साक्षीदाराने एखाद्याचे नाव घेतले म्हणून काझी लगेच शिक्षा सुनावत नाही, उलटतपासणी घेतो. आपल्या अनेक गॅरेजांत मात्र स्कॅनर बोलला की नवा पार्ट मागवला जातो.

आधी माणसाच्या हाताचे काम तपासा

कंपनीतून आली तशी असलेली गाडी आणि नंतर बदल केलेली गाडी यांची तपासणी एकाच रीतीने करता येत नाही. बदल केलेल्या गाडीत पहिला संशय कंपनीच्या पार्टवर घेऊ नये, नंतर झालेल्या जोडकामावर घ्यावा. टेप गुंडाळलेला जोड कोठे आहे, कोणती तार दाताने सोलून जोडली आहे, जास्तीचे दिवे रिले न लावता थेट बटणावरून घेतले आहेत काय, हे आधी पाहावे. ५५ वॅटच्या दोन बल्बांना बारा व्होल्टवर साधारण ९ ॲम्पिअर प्रवाह लागतो; ९० वॅटचे दोन टाकले की १५ लागतो. तार मात्र जुनीच राहते. होल्डर वितळतो, अर्थिंगवर ताण येतो आणि बिचाऱ्या मीटरवर आळ येतो.

अर्थिंग तपासायला मोठे यंत्र लागत नाही. काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी बंद असताना चांगल्या, चार्ज झालेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसावेत, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. मग दिवे, पंखा, टेप सर्व चालू करून मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या धातूवर धरावी. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कच्चे आहे असे समजावे. पाच मिनिटांचे हे काम अनेक सेन्सर वाचवते.

स्कॅनर असेल तर केवळ कोड वाचून थांबू नये, चालू आकडे वाचावेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी फक्त चावी फिरवून इंजिनाच्या पाण्याचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळपास सारखे हवे. एकात मोठा फरक असेल तर संशयाला जागा आहे. दर्यापुरात मे महिन्यात अंगाची लाही होत असताना स्कॅनर इंजिनाचे तापमान उणे ४० अंश दाखवत असेल, तर इंजिन काही काश्मीरला गेलेले नाही. बहुधा तापमान सेन्सरची तार तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. त्याच तारांचा आपसात शॉर्ट झाला तर उलट अशक्य वाटावे इतके तापमान दिसते. स्कॅनरवर तापमान बरोबर आणि मीटरचा काटा मात्र चढलेला, असे असेल तर दोष बहुधा मीटरकडच्या बाजूला आहे. विनाकारण रेडिएटर खोलू नये.

टायर बदलण्याचेही तसेच आहे. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. टायरचा घेर पाच टक्के वाढला तर काटा ६० वर असताना गाडी प्रत्यक्षात ६३ ने धावत असते. हा मीटरचा बिघाड नव्हे, मालकाच्या हौसेचा परिणाम आहे.

आपल्या भागाचे खास दुखणे

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे आणि आपला दर्यापूर तालुका त्यातच येतो. येथले जमिनीखालचे पाणी खारट. जे पाणी माणसाला पिता येत नाही, पिकाला मानवत नाही, तेच आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो! क्षार आत चिकटतात, ॲल्युमिनियम खाल्ले जाते, सेन्सरच्या टोकावर थर बसतो आणि तो तापमान उशिरा किंवा चुकीचे सांगू लागतो. मग सेन्सर नवा येतो, पाणी मात्र तेच राहते. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट यांचा खर्च एका सेन्सरच्या किमतीशी ताडून पाहावा.

दुसरी खोड याहून जुनी. गाडी गरम होते म्हटले की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून फेकून द्यायचा! कार्बुरेटरच्या काळात ते खपून गेले. आताच्या गाडीत इंजिन वेळेत पुरेसे तापले नाही तर ईसीएम त्याला थंडच समजते, पेट्रोल जास्त सोडते, ॲव्हरेज घटते आणि पी ०१२८ असा कोड येतो. हा कोड आल्यावर सेन्सर बदलणाऱ्याने आधी विचारावे, 'व्हॉल्व्ह जागेवर आहे का?' अनेकदा तो काढणारा हात आपल्यापैकीच कोणाचा तरी असतो.

गॅस किटच्या गाडीत एक साधी कसोटी आहे. गाडी पेट्रोलवर चालवून आकडे पाहावेत, मग गॅसवर. दोष फक्त गॅसवर दिसत असेल तर रिड्युसर, गॅसचा फिल्टर आणि किटचे ट्युनिंग तपासावे. दोन्हींवर दिसत असेल तर किट बसवताना इनटेकला जी भोके पाडली, तेथून हवा शिरते काय ते पाहावे. आणि गॅसवर आधी मिसिंग सुरू झाले तर प्लग व कॉइलकडे वळावे, कारण गॅसला स्पार्क अधिक जोराचा लागतो. कमजोर प्लग पेट्रोलवर निभावून जातो, गॅसवर उघडा पडतो.

तपासणीची मजुरी

येथे आमचे गॅरेजवाले बंधू म्हणतील, "हे सारे ठीक आहे, पण तासभर मल्टिमीटर घेऊन बसलो तर ग्राहक पैसे कशाचे देणार? तो म्हणतो, एक बोल्ट तर घासला, त्याचे पाचशे रुपये?" ही तक्रार खरी आहे आणि तिचा दोष आम्ही ग्राहकाच्याही पदरात टाकतो. आपण वस्तूचे पैसे हसत देतो, अकलेचे देताना तोंड वाकडे करतो. नवा सेन्सर डब्यातून निघाला की दोन हजार द्यायला हरकत नसते. दोन हजार वाचवणाऱ्याला दोनशे देणे मात्र जिवावर येते. मग मिस्त्री काय करणार? त्याचे पोट पार्टच्या कमिशनवर आहे, म्हणून तो पार्ट बदलतो. अंदाजाने पार्ट बदलण्याची ही रीत अशा प्रकारे आपण दोघांनी मिळून पोसली आहे.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सारे जाणतो. घाम काही फक्त घणाचे घाव घालतानाच येतो असे नाही. बोनेटवर वाकून तुटलेली तार शोधणाऱ्याचाही तो घामच आहे. म्हणून आमचे मत असे की प्रत्येक गॅरेजने तपासणीचा दर वेगळा ठरवावा आणि फळ्यावर लिहून लावावा. दोष सापडला तर तो दर घ्यावा आणि न सापडल्यास 'मला सापडला नाही' असे सरळ सांगावे. पार्ट बदलला तर जुना पार्ट मालकाच्या हाती द्यावा, बिलावर आलेला कोड आणि केलेले काम लिहावे. दुसरीकडे, व्यापारी बंधूंनी तपासणीची मजुरी कुरकुर न करता द्यावी. हे एवढे झाले तरी निम्मी भांडणे मिटतील.

ओले धान्य खाली

आता सर्वांत नाजूक मुद्दा. स्कॅनरने कोड पुसताही येतो. दुरुस्तीनंतर पुसणे योग्यच आहे. पण जुनी गाडी विकण्याच्या दिवशी सकाळी कोड पुसून, दिवा विझवून गाडी दाखवणारे लोक आहेत. काहींनी तर दिव्याची तारच काढून टाकलेली असते.

मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले गेले. आमच्या मते कोड पुसून गाडी विकणे म्हणजे ओले धान्य खाली घालून कोरडे वर पसरणेच होय. फरक असलाच तर एवढाच की धान्याने पोट बिघडते, गाडीने जीव जातो.

घेणाऱ्यालाही एक गोष्ट सांगून ठेवतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, इंजिनचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर सावध व्हावे. आणि कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात. पुरेशी धावल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. स्कॅनरवर बऱ्याचशा चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या तर कोड नुकताच पुसला असण्याची किंवा बॅटरी काढली असण्याची शक्यता धरावी आणि मालकाला स्पष्ट विचारावे.

कायदाही पाहावा

गाडीत बदल करणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट पुन्हा ठामपणे सांगितली. मंजूर गॅस किट बसवता येते, पण त्याची नोंद आरसी बुकात करून घ्यावी लागते. बदल केल्यापासून चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सीएनजीच्या टाकीची दाबचाचणीही दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. घरगुती सिलिंडरचा गॅस गाडीत भरणाऱ्याबद्दल तर आम्ही काय लिहावे? तो चार पैशांसाठी स्वतःच्या मुलाबाळांना बॉम्बवर बसवून नेतो.

शेवटी

आमच्या अनेक उस्तादांनी शाळेची पायरी फारशी चढलेली नाही. पण इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखणारे कान त्यांच्याकडे आहेत. ते कान आजही उपयोगी आहेत, पण एकटे पुरेसे नाहीत. दुकानात लहानाचा मोठा झालेला जो पोरगा मोबाइल बोटावर नाचवतो, त्याला आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करू द्यावा. संध्याकाळी तो उस्तादांच्या हाताखाली बसेल, स्कॅनर तो वाचील आणि आवाज उस्ताद ऐकतील. जुने कसब आणि नवी विद्या एका छपराखाली नांदली नाहीत तर हा धंदा कंपन्यांच्या काचेच्या शोरूममध्ये निघून जाईल आणि आपण रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत राहू.

गाडीचा काटा खोटा दाखवत असेल तर तार शोधावी. पण गॅरेजवाल्याचा काटा खोटा आहे असे एकदा गावात झाले, तर ती तार जोडून देणारा मिस्त्री कोठे मिळणार? अल्लाह आपणा सर्वांना खऱ्या मापाने देण्याची आणि खऱ्या मापाने घेण्याची बुद्धी देवो.